तारीख बरोबर आहे

ती दिवसभर फोनवरून लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर ताळ्यावर आणायची; बाबांच्या कॉम्प्युटरने मात्र तिचा तासभर खाल्ला होता. आई गेल्यापासून, म्हणजे गेली दहा वर्षं, बाबा एकटेच राहत. आज दवाखान्यात नंबर लावायची साइट काही केल्या उघडेना. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ हेच पालुपद. ती फोनवरून सांगेल तसं बाबांनी केबल काढून लावली, राउटर बंद-चालू केला, ब्राउझरसुद्धा बंद करून पुन्हा उघडून झाला.

“बाबा, कोपऱ्यातली तारीख बरोबर आहे ना?” तिने तिसऱ्यांदा विचारलं.

“बरोबर आहे गं!”

“मोठ्याने वाचा बघू.”

“एक जानेवारी, दोन हजार बारा.”

तिला हसूच फुटलं. एवढंच होतं तर! आतली बॅटरी संपली की घड्याळ असं मागे जातं, आणि मग एक सुरक्षित साइट उघडेल तर शपथ. “अहो बाबा, साल चुकलंय!”

“साल कसं चुकेल? आणि हसतेस काय? तुझ्या आईचा नंबर लावायचाय. केव्हाची चपला घालून बसलीये ती.”

‘तारीख बदला’ हे दिवसातून दहादा म्हणायचं वाक्य तिला आज म्हणवेना.

“बोल ना गं,” बाबा म्हणाले, “आता काय करू?”