चिंच होती तिथून दोन चौक

"दोनशे चार!" आमिल्कार खुर्चीत रेलला. "यादी दिली की माझी स्क्रिप्ट एकेका भोंग्याची फाइल आपोआप लिहिते, बाई. तुम्ही हाताने महिना घातला असता."

एनेइदाबाईंचा जन्म निकाराग्वाच्या राजधानीतल्या, मानाग्वाच्या, या पूर-इशारा खोलीत गेला होता. त्यांनी कॉफी खाली ठेवली. "भोंगे तीनशे अकरा आहेत, पोरा."

"उरलेले पत्ते म्हणजे कचरा. स्क्रिप्ट पत्त्यातली खूण नकाशावर शोधते. सापडली नाही, तर फाइल नाही."

"आणि फाइल नाही, तर?"

"भोंगा मुका."

तेवढ्यात वायरलेस खरखरला. वरच्या डोंगरावरचा पहारेकरी ओरडत होता, "पाणी नाल्यात उतरलं! दहा मिनिटं धरा, फार तर!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझी आई कुठे राहते रे?"

"आत्ता हे काय मध्येच? नाल्याच्या काठी. चिंच होती तिथून दोन चौक तळ्याकडे."

"ती चिंच नकाशावर आहे?"

आमिल्कारच्या तोंडचं पाणी पळालं. चिंच त्याच्या जन्माआधीच भूकंपात आडवी झाली होती. खोड चुलीत गेलं, पण तिच्या सावलीत अजून सहाशे घरं राहतात. पडलेली थिएटरं, जळालेल्या बेकऱ्या आणि मेलेल्या डॉक्टरांचे दवाखाने यांच्यावाचून या शहरात साधं पत्र पोचत नाही. दोन वर्षं परदेशात शिकून आलेला शहाणा तेवढंच विसरला होता.

त्याने एका हाताने आईला फोन लावला आणि दुसऱ्याने तो स्क्रिप्टमधली नकाशा तपासणारी ओळ शोधू लागला.

"आई, पळ! पूर येतोय!"

"भोंगा कुठे वाजलाय? तो वाजल्याशिवाय इथं कुणी हलत नाही. माझी केळी तळायची आहेत."

ओळ पुसली. भलतीच पुसली. परत आणली. बाई मागे उभ्या राहून घड्याळाकडे बघत होत्या. अखेर पडद्यावर फाइली सरकू लागल्या. थिएटर होतं तिथे. बेकरी जळली तिथे. तीनशे अकरा! त्याने बटण दाबलं.

फोनमध्ये नुसती कढई चुरचुरत होती.

मग लांबून एक किंकाळी उठली, चढत गेली. आईने झारा टाकल्याचा आवाज आला.

"अगं, उठा गं सगळ्या!" ती शेजारणींना हाका मारत होती. "चिंच ओरडतेय!"