ऊब हुडकणारी चिमणी

सातपूरच्या वर्कशॉपमध्ये जीवन लहामगेंनी एक कापडी चिमणी घडवली होती. अंगाची ऊब हुडकत ती उडायची आणि मुलांच्या तळहातावर अलगद उतरायची. शाळाशाळांतून जादूगाराच्या वेशात ते तिचे खेळ करायचे. दरडीखाली अडकलेली माणसं सापडतील म्हणून तिचं तंत्र त्यांनी एका कंपनीला देऊन टाकलं. यंदा दूरच्या देशात युद्ध पेटलं. टीव्हीवर लहामगेंनी पाहिलं: एक चिमुकलं ड्रोन खिडकीतून आत शिरलं, कोपऱ्यात लपलेल्या बाईकडे हळूच वळलं आणि फुटलं. ते वळणं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी कंपनीत फोन लावला. “सर, ते तंत्र आता आमचं आहे,” पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला. त्यांची बायको सुवर्णा जवळ येऊन बसली. “तुम्हीच बनवलंय ना? मग वाचायचा काहीतरी उपाय असेलच की.” “आहे,” ते म्हणाले. “अंग गार पडलं पाहिजे.”