सुचित्राचा फ्रिज

"फ्रिज चालू आहे ना, काकी?" मनालीने विचारलं.

अंबिकाने दाराकडे पाहिलं. गॅलरीत अक्षता कपडे वाळत घालत होती. हात दोरीवर आणि कान आत.

"म्हणजे काय! वैभवने पहिल्या पगारात घेऊन दिलाय. चोवीस तास चालू असतो."

खरं तर तो गणपतीपासून बंद होता. मेकॅनिक मान हलवून निघून गेला होता. वैभव आता डोंबिवलीला, दोन पोरांच्या खर्चाने मेटाकुटीला आलेला. त्याला कळलं असतं तर ओढाताण करून त्याने नवा आणला असता. म्हणून अंबिकाने फ्रिजच्या फळ्यांवर साड्या रचल्या आणि दार लावून टाकलं. अख्ख्या चाळीत हे एकट्या शेजारच्या सुचित्राला ठाऊक होतं.

मनाली कॉलेजातून आली होती. लालबागच्या जुन्या चाळींत कुठल्या घरात किती वीज लागते, त्याचा अभ्यास चालला होता. मजल्यावरची एक सोडून एक खोली निवडली होती. तिने पिशवीतून मुठीएवढं यंत्र काढलं.

"हे भिंतीच्या प्लगमध्ये बसवायचं आणि फ्रिजची पिन यात. आठ दिवस राहू द्या. फ्रिज मधूनमधून वीज ओढतो, मग थांबतो. त्याची खालीवर होणारी रेघ यात साठते. तुमच्या मंडळाने सांगितलंय, सगळ्यांच्या रेघा ऑफिसच्या फळ्यावर लावा. खोली नंबरासकट."

अंबिकाने हात पुढे केला.

"दे, मी लावते. तू जा पुढच्या घरी. माझं दूध आहे गॅसवर."

मनाली गेली. गॅसवर काहीच नव्हतं.

यंत्र पदराखाली घेऊन अंबिका शेजारच्या दाराशी उभी राहिली. गेले कित्येक महिने ती सकाळ-संध्याकाळ तिथे उभी राहत होती. तिची इन्शुलिनची बाटली सुचित्राच्या फ्रिजमध्ये असायची. पण कडी वाजवली की सुचित्रा दार हातभर उघडायची, स्वतः आत जायची, बाटली पदराला पुसून बाहेर द्यायची. "आत ये" म्हणून कधी नाही. पूर्वी दोघी एकाच सुपात तांदूळ निवडायच्या. आता अंबिका दारात, भीक मागणाऱ्या बाईसारखी.

तिला ते लागलं होतं. नळावर अक्षताला ती बोललीही होती, "फ्रिजचा माज आलाय तिला. आपला हात लागला तर झिजेल जणू." ते चाळभर झालं. सुचित्रापर्यंतही गेलं असणार. पण संध्याकाळी बाटली तशीच पुसून, गार हातात आली होती.

"काय गो, आता कशी?" सुचित्राने दार हातभर उघडलं.

"हे आठ दिवस तुझ्या फ्रिजला लाव. तुझी खोली त्यांच्या यादीत नाही."

"नाही तेच बरं. माझ्याकडे नको बाई ती भानगड."

"वीज खात नाही ते. फळ्यावर माझं नाव लागणार गो. वैभवचे मित्र मंडळातच असतात. लगेच फोन करतील त्याला."

"अक्षताला सांग."

"अक्षताला? म्हणजे भोंगाच लावायचा की!"

सुचित्रा हसली नाही. तिने दार थोडं ओढून घेतलं.

"लावशील ना? एवढ्याने काही झिजणार नाही तुझा फ्रिज."

ते शब्द ऐकताच सुचित्राचा चेहरा उतरला. तिने यंत्र घेतलं आणि दार लावलं.

मधल्या गुरुवारी सकाळी अंबिका केर काढत होती. सुचित्रा बाजारातून आली. हातातली पिशवी जिन्यापासून ठिबकत होती.

"गुरुवारी मासळी? तू माळकरी ना गो?"

"रखमा कोळणीने दिलं थोडं. मांजरीसाठी."

"रोज जातेस तिच्याकडे. मांजरीचे लाड आहेत हो! आणि ही गॅलरी कोण पुसणार?"

सुचित्रा फडकं घेऊन आली आणि निमूट पुसून गेली. अंबिकाला बरं वाटलं.

आठवा दिवस उजाडला. अंबिका बाटली घ्यायला गेली तेव्हा सुचित्राने दाराआडून आधी रुमालात गुंडाळलेलं यंत्र दिलं.

"अंबू, ते मी तुला सांगणार होते..."

"काकी!" जिन्यावरून मनालीची हाक आली.

अंबिकाने यंत्र काखेत मारलं, सुचित्राच्या हातातली बाटली तशीच ओढून मुठीत घेतली आणि वळली. पाठीमागे दार लागलं.

मनालीने गॅलरीतच यंत्र मोबाईलला जोडलं. बघता बघता तिच्या कपाळावर आठी पडली. इकडेतिकडे पाहून तिने आवाज खाली आणला.

"काकी, रागावू नका. यंत्र नीट चाललंय. वीजही सगळे दिवस होती. पण रेघ आडवीच आहे. या फ्रिजने आठ दिवसांत एकदाही वीज ओढलेली नाही."

"एकदाही नाही?"

"नाही. बंद पडलाय तो. बहुतेक खूप आधीच. मी फळ्यावर नाही लावत, घाबरू नका. पण आत काही औषधं वगैरे ठेवत नाही ना तुम्ही?"

अंबिकाने शेजारच्या बंद दाराकडे पाहिलं. मग मूठ उघडली. बाटली रोजच्यासारखीच गार होती. आज ती पुसायची राहिली होती. बर्फाच्या पाण्याने ओल्या झालेल्या तिच्या काचेला माशाचा एक खवला चिकटला होता.