रेवतीबाईंची हरकत

ऑनलाइन सुनावणीचा नियम साधा होता: बोलताना संपर्क तुटला, की हरकत बाद. खाडीवर होणाऱ्या नव्या बंदराविरुद्ध बोलणाऱ्या गावांचे मोबाइल टॉवर नेमके ऐन वेळी बंद पडत. म्हणून रेवतीबाई तांडेल बोलायला बसल्या, तेव्हा कोळीवाड्याने त्यांचा आवाज एकाच वेळी टॉवर, शाळेची केबल आणि होड्यांचे रेडिओ अशा तिन्ही वाटांनी सोडला.

टॉवर गेला. पाठोपाठ केबल गेली. शहरातल्या पडद्यावरचा त्यांचा चेहरा विझला.

“संपर्क तुटला,” अधिकारी घाईने म्हणाले.

“तुटला कुठं? दिसत नसेन, पण ऐकू येतेय ना?” रेवतीबाई कडाडल्या. समुद्रावर पसरलेल्या होड्या त्यांचा शब्द न् शब्द पुढे पोचवत होत्या. “खाडी देणार नाही. घ्या लिहून!”

आणि खाडीकाठच्या एकेका घराचं नाव घेत त्या संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या.