आतली टकटक

रूपचंद मिस्त्रीची जुनी मोटार श्रावणात टपाटप गळायची, आणि उद्या तिच्यातूनच पोटुशी लेक दगूबाई शहाद्याच्या दवाखान्यात जायची होती.

त्यानं शेजारच्या धुडकूला खडू देऊन आत बसवलं, दार लावलं, बाहेरून बादल्या ओतल्या. पाणी शिरेल तिथं धुडकूनं खडूनं गोल करायचा, टकटक करायची. टकटक झाली की रूपचंद तिथं डांबर भरी.

टकटक थांबली.

"निंघ रे बेडका! तुन्हामुये मन्ही पोर कोरडी जाई!"

"मी तं कवयना बाहेर शे, भो!" पाठीमागून चहा घेऊन धुडकू आला. "पहिली बादली वती तवयच पलीकडना दारमाईन पळनू."

रूपचंदनं बंद मोटारीकडं वळून हात जोडले. "जो व्हई तो, बापा, तुन्हा उपकार इसराव नही!"

दार उघडलं. आत कोणी नव्हतं. गोल सगळे छताला होते. एकच सीटवर, दगूबाई बसणार होती तिथं, जिथं अजून पाणी आलं नव्हतं.

तिथंच टकटक झाली.