दसऱ्याचा बार

त्रेपन्न सालचा दसरा. केनवडजवळच्या त्या वस्तीत सोनं वाटून गळाभेटी झाल्या की मगच पाटील बंदुकीचा बार काढायचे. शेताच्या धुऱ्याच्या भांडणात तीन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले जगदेव आणि दौलतराव हे चुलतभाऊ यंदा पंचांच्या शब्दाखातर भेटायला उभे होते.

जगदेवच्या डाव्या हातात आपट्याची पानं होती, आणि उजवा हात उपरण्याखाली विळ्याच्या मुठीवर. दौलत्या छातीला लागला की एकच वार, हे तो चार दिवस मनाशी घोकत होता.

"ये भाऊ," दौलतराव हात पसरून म्हणाला, "झालं गेलं जाऊ दे."

जगदेवनं पाऊल उचललं, आणि पाठीमागं धाडकन बार झाला. तो दचकला तसा त्याचा हात त्याला न विचारताच बाहेर आला आणि विळा सपकन हवेत फिरला. दौलतराव अजून चार पावलं लांब होता. सगळी वस्ती त्या विळ्याकडे बघत राहिली.

दौलतराव जागचा हललासुद्धा नव्हता. पाटलांकडे बघून तो म्हणाला,



"म्हनलं होतं ना पाटील, बार गळाभेटीच्या अगोदर काढा म्हून. दबा धरलेलं जनावर आवाजानं झेप घेतेच."