कोळंबीचे नखरे

दादाने कोळंबीच्या कालवणाचा पहिला भुरका मारला आणि आईने देवापुढे साखर ठेवली. त्याला ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा मी माझा बोनमॅरो दिला होता. मासे खायची परवानगी डॉक्टरांनी आता कुठे दिली होती. मी आपली वरणभात कालवत होते. मला कोळंबीने पित्त उठतं. दादा जन्मभर त्याला 'नखरे' म्हणत आलाय.

दुसऱ्या वाटीला त्याने मान खाजवली. तिसरीला तो दाराच्या चौकटीवर म्हशीसारखी पाठ घासू लागला. पोटावर भाकरीएवढे लाल चट्टे! "आजार परतला गो बाय!" म्हणत आईने डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर कोळंबीपासून चट्ट्यांपर्यंत सगळं सांगितलं.

"श्वास नीट चालतोय ना? मग ॲलर्जीची गोळी द्या, संध्याकाळी घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "बरं, बहिणीला कोळंबी चालते?"

"छे हो!"

"मग हा आजार नाही, ही बहीण आहे! तिच्या पेशी छान रुजल्यात, सोबत ॲलर्जीही आलीय."

आई रडता रडता हसली. दादा केविलवाणा होऊन कोळंबीकडे बघत राहिला. मी त्याचं ताट काढून घेतलं आणि माझा वरणभात पुढे सरकवला.

"गप जेव. नखरे करू नकोस."